नकाशामागची वही

बेलफास्टच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात इंग्रजीच्या जोडीला आयरिश पाट्या हव्यात का, हा वाद कोर्टापर्यंत गेला. पाट्यांवरची भांडणं मुंबईकरांना नवी नाहीत. आयर्लंडमध्ये मात्र अशा वादात एक ठरलेला आरोपी असतो: ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश लष्करी मोजणीचा नकाशा. इंग्रज सैनिक आले आणि त्यांनी गेलिक गावनावं मोडूनतोडून इंग्रजी केली, ही कहाणी नाटककार ब्रायन फ्रीलच्या ‘ट्रान्सलेशन्स’ने १९८० पासून जगभर नेली. नाटक उत्तमच आहे, पण इतिहास म्हणून ते अर्धवट आहे.

मुळात हा सर्व्हे १८२४ मध्ये सुरू झाला तो जमिनीवरचा कर नीट बसवण्यासाठी. मैलाला सहा इंच या मापाचा नकाशा काढायचा, तर साठ हजारांवर टाउनलँडांची, म्हणजे शिवारांएवढ्या तुकड्यांची नावं ठरवणं आलं. जमीनदार एक स्पेलिंग लिही, पाद्री दुसरं. इंग्रजी वळणाची बहुतेक रूपं तर सैनिक येण्याआधीपासूनच कागदोपत्री रुळलेली होती.

हा गुंता सोडवायला १८३० मध्ये जॉन ओडोनोव्हन आला. किलकेनीच्या शेतकऱ्याचा मुलगा, आयरिश हस्तलिखितांचा जाणकार. त्याच्याकडून आयरिश शिकू पाहणारा लष्करी अधिकारी थॉमस लार्कम त्याचा वरिष्ठ होता. हे मोडतोडीच्या त्या ठरलेल्या कहाणीत बसत नाही. ओडोनोव्हन पावसापाण्यात परगणे तुडवी, म्हाताऱ्यांच्या तोंडून नावाचा उच्चार ऐके, जुन्या बखरींशी ताडून बघे. मग नामवहीत मूळ आयरिश रूप, त्याचा अर्थ आणि नकाशासाठी सुचवलेलं स्पेलिंग लिही. अर्थ ऐकल्याशिवाय कळत नसे. ‘किल’ म्हणजे चर्चही असू शकतं आणि रानही. मूळ आयरिशमध्ये ‘किल्ल’ आणि ‘कोइल’ हे वेगळे शब्द, इंग्रजी स्पेलिंगने ते एक करून टाकले. किलमोर हे मोठं चर्च की मोठं रान, याचा निवाडा त्या गावातला म्हाताराच करणार.

नकाशावर छापलं गेलं ते शेवटी इंग्रजी रूपच. आयरिश रूप वहीत राहिलं. माझी तक्रार आहे ती इथे: माहिती हातात असूनही छापली नाही. नामांतरापेक्षा हा गुन्हा मला मोठा वाटतो. कारण १८४५ पासूनच्या दुष्काळाने आयरिश बोलणारे मेले, परागंदा झाले, आणि अनेक ठिकाणी नाव नीट उच्चारणारं कुणी उरलंच नाही. आज आयर्लंड सरकारची स्थलनाम शाखा आयरिश रूपं ठरवताना त्याच वह्या उघडते.

तरी वहीचा शब्द अखेरचा नसतो. केरी परगण्यातल्या डिंगलचं नाव २००५ मध्ये सरकारी आदेशाने फक्त ‘अन डँगन’ झालं. पर्यटकांवर पोट असलेलं गाव चिडलं. २००६ च्या मतदानात तिथल्या लोकांनी तो आदेश झिडकारला आणि २०११ मध्ये कायदा करून डिंगल हे इंग्रजी नाव परत द्यावं लागलं. आयरिश नावही बदलून ‘डँगन ई खूश’ करावं लागलं.