संगणकातील रुग्णनोंदींचे जतन

नव्या खाटेवर किंवा डायलिसिस यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या हार्ड डिस्कवर ती कोण लावणार? तथापि रुग्णालयाच्या खर्चात या डिस्कलाही स्थान द्यावे लागते. त्यामागील कारण आमच्या हितचिंतकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाच सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक लिपीत बदलली गेली व वाचता येईनाशी झाली. रुग्णनोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल इत्यादी कामे सुमारे दोन आठवडे कागदावर करावी लागली. तरीही ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती परत मिळाली, कारण एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ लागली नव्हती.

सर्व्हरमध्ये जोडीने चालणाऱ्या दोन डिस्क असल्या की बॅकअप झाला, असा समज सर्रास आढळतो. एक डिस्क निकामी झाली तर दुसरीवर काम चालू राहते, हे खरे. परंतु चुकून पुसलेली नोंद त्याच क्षणी दोन्हींवरून पुसली जाते. म्हणून मूळ धरून एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या वास्तूत, हा सर्वमान्य नियम होय. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापुरातील तळमजले पाण्याखाली गेले, तेव्हा सर्व्हरशेजारच्या कपाटातील प्रतीचा काय उपयोग झाला असता? शिवाय एक प्रत तरी काम होताच नेटवर्कपासून विलग करावी. जोडलेली डिस्क हल्लेखोरालाही जोडलेलीच असते.

यूपीएसची बॅटरी चालते ती मिनिटे सर्व्हर रीतसर बंद करण्यासाठी असतात, काम रेटण्यासाठी नव्हेत. तसेच कार्यक्रम चालू असताना डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलून ठेवल्यास प्रत अर्धवट निघण्याचा संभव असतो. डेटाबेसची स्वतःची बॅकअप सोयच वापरावी.

आमच्या मते सर्वाधिक उपेक्षित राहते ती प्रत पुन्हा उघडून पाहण्याची चाचणी. ‘बॅकअप पूर्ण’ हा पडद्यावरील संदेश काहीतरी लिहिले गेले एवढेच सांगतो. यास्तव दर महिन्यास एका स्वतंत्र संगणकावर (चालू सर्व्हरवर कदापि नव्हे) प्रतीतून सर्व माहिती पुनःस्थापित करावी. मग एखाद्या जुन्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड, रक्ततपासणीचा अहवाल व क्ष-किरण प्रतिमा उघडून मूळ नोंदीशी ताडून पाहाव्यात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाच्या नोंदीतून नेमकी तीच ओळ गळली, तर बाकी सारे सुरक्षित राहूनही उपयोग नाही. काम कंटाळवाणे आहे, आणि कंटाळवाणी कामे प्रथम टळतात. म्हणून चाचणीची नोंदवही असावी व तीत करणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची, अशा दोन सह्या असाव्यात. प्रतीचा पासवर्ड एकाच कर्मचाऱ्याच्या स्मरणावर सोडू नये. तो मोहोरबंद पाकिटात, प्रतीपासून वेगळ्या ठिकाणी, दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा.

चाचणीस किती तास लागले, हेही नोंदवहीत लिहावे. बाह्यरुग्ण विभागात, वॉर्डात व औषध भांडारात कोरे छापील केसपेपर किती ठेवावे लागतील, ते त्या आकड्यावरूनच ठरते.