कायद्याचा हात आणि हातातला फोन

वाहन चालवताना हातात फोन धरणे हा गुन्हा आहे, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही शहरातील कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहावे, तर एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने फोन सांभाळणारे चालक, मान वाकडी करून खांद्याशी फोन दाबणारे दुचाकीस्वार सहज दिसतात. मग कायदा निरुपयोगी ठरला असे समजावे काय? जगात या कायद्यांना आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्या अनुभवाचा ताळेबंद मांडला, तर उत्तर इतके सरळ नाही असे दिसते.

प्रथम धोक्याचे स्वरूप. कॅनडातील टोरांटो येथे अपघातग्रस्त ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, असे त्यात आढळले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे २००५ मध्ये झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही तोच निघाला. त्याचे कारण साध्या गणिताने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पाच सेकंद संदेश वाचणारा चालक म्हणजे ८० मीटरहून अधिक रस्ता न पाहता जाणारा चालक.

अमेरिकेत हातातील फोनवर बंदी घालणारे पहिले राज्य न्यूयॉर्क. तेथे हा कायदा २००१ मध्ये लागू झाला. रस्त्यावर प्रत्यक्ष निरीक्षण केले असता, कायद्यापूर्वी २.३ टक्के चालक फोन वापरताना दिसत होते. कायदा येताच हे प्रमाण १.१ टक्क्यावर आले, परंतु सुमारे वर्षभराने पुन्हा २.१ टक्क्यांवर गेले. वृत्तपत्रांतील चर्चा ओसरली, पोलिसांची नजर सैल झाली आणि जुनी सवय परतली. राजधानी वॉशिंग्टन येथे २००४ मध्ये कायदा आला तेव्हा मात्र ६.१ टक्क्यांचे प्रमाण ३.५ वर उतरले आणि वर्षभरानंतरही ४ टक्क्यांच्या आसपास टिकले. तेथे अंमलबजावणी अधिक कडक होती.

पुढे २०१० आणि २०११ मध्ये हार्टफर्ड व सिराक्यूज या दोन शहरांत कायदा न बदलता केवळ तपासणी आणि जाहिरातीची जोरदार मोहीम राबवण्यात आली. हातातील फोनचा वापर हार्टफर्डमध्ये ५७ टक्क्यांनी आणि सिराक्यूजमध्ये ३२ टक्क्यांनी घटला. कलम तेच, दंड त्याच कायद्याचा. फक्त आपण पकडले जाऊ ही भावना नवी होती. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. उधारीच्या कागदावर व्याज कितीही जबर लिहिले, तरी वसुलीला कोणी येणार नाही हे कळल्यावर त्या कागदाची किंमत राहत नाही.

ब्रिटनने दंड आणि पकड या दोन्ही बाजू हळूहळू घट्ट केल्या. २००३ मध्ये ३० पौंडांपासून सुरू झालेला दंड २०१७ पर्यंत २०० पौंडांवर गेला आणि त्यासोबत परवान्यावर सहा गुणांची नोंद होऊ लागली. परवाना मिळून दोन वर्षे झाली नसतील, तर तेवढ्यानेच तो गमवावा लागतो. चालत्या वाहनातून चित्रीकरण करणे हे ‘संभाषण’ नव्हे, अशी पळवाट २०१९ मध्ये न्यायालयात मान्य झाली. तेव्हा २०२२ मध्ये नियमच बदलून हातातील फोनचा जवळपास प्रत्येक वापर गुन्हा ठरवण्यात आला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने कॅमेऱ्यांचा मार्ग धरला. २०१९ मधील चाचणीत ८५ लाख वाहने तपासली गेली आणि एक लाखाहून अधिक चालक फोनसह सापडले. डिसेंबर २०१९ पासून ही व्यवस्था कायम झाली. पहिले तीन महिने फक्त सूचनापत्रे गेली, त्यानंतर दंड सुरू झाला.

या ताळेबंदात एक अडचणीची नोंदही आहे. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन येथील विम्याच्या दाव्यांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बंदीनंतर अपघातांचे दावे कमी झाल्याचे आढळले नाही. हातातील फोन कमी झाला, तरी कानातले यंत्र आले. टोरांटोच्या अभ्यासातही हात मोकळे ठेवून बोलणे अधिक सुरक्षित असल्याचे दिसले नव्हते. कायदा हात पाहू शकतो, चित्त कोठे आहे हे त्याला दिसत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये हातातील फोनचा वापर धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे समाविष्ट केला. पहिल्या गुन्ह्यास एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा घडल्यास दहा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग पाहण्यासाठी फोन वापरण्यास मुभा आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा पाहता कलम पुस्तकात असणे पुरेसे नाही, हे उघड आहे.

परंतु कायद्याची एक मर्यादा व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी. दंड होतो तो फोन घेणाऱ्याला. फोन करणाऱ्याला नाही. माल घेऊन निघालेल्या टेम्पोचालकाला ‘कोठे पोहोचलास?’ म्हणून दर अर्ध्या तासाला विचारणारा पेढीवरच बसलेला असतो. वसुलीला दुचाकीवर गेलेल्या मुलाने फोन उचलला नाही, तर रागावणारेही आपणच. जैन विचारात दोष केवळ कृत नसतो. कारित आणि अनुमोदित कर्मही आपल्याच खाती जमा होते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे, आणि चालत्या गाडीतील फोन हा प्रमादाचाच आजचा प्रकार आहे. कार्तिक पौर्णिमेनंतर विहाराला निघालेले आपले साधू-साध्वी पहाटे ज्या महामार्गाच्या कडेने ईर्यासमिती पाळत चालतात, त्याच मार्गावरून आपल्या मालाच्या गाड्याही धावतात.

म्हणून पेढीचे काही नियम घरातच ठरवावेत. गाडी निघण्यापूर्वी पत्ते, क्रम आणि रकमा लिहून द्याव्यात. चालकाने ठरलेल्या थांब्यावर गाडी उभी करून स्वतः फोन करावा. आपला फोन उचलला गेलाच, तर पहिला प्रश्न ‘गाडी चालू आहे का?’ हा असावा, आणि उत्तर होकारार्थी आल्यास संभाषण तेथेच थांबवावे. न उचललेल्या फोनबद्दल कोणाला बोल लावू नये. या जयणेसाठी पोलीस लागत नाही, कॅमेराही लागत नाही. आणि जेथे कायद्याची नजर पोहोचत नाही, तेथेही ती पाळता येते.