प्रक्षेपकातील उष्णतेचा जमाखर्च

दूरचित्रवाणीच्या इतिहासात कलावंतांची आणि निवेदकांची दखल घेतली जाते. परंतु मनोऱ्याच्या पायथ्याशी चित्रलहरींना बळ देणारा शक्तिवर्धक घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने परत करीत आला, आणि त्या उष्णतेची विल्हेवाट कशी लावावी या विवंचनेनेच त्याची घडण पिढ्यान्‌पिढ्या ठरवली, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

समान आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे 3500 पट उष्णता वाहून नेते. तेव्हा निर्वात नळ्यांच्या अमदानीत तापलेल्या धनाग्राभोवती पाणी खेळवणे ओघानेच आले. मात्र धनाग्रावर हजारो व्होल्टचा दाब असल्याने साधे पाणी तेथे विजेलाच वाट करून देई. म्हणून क्षारमुक्त पाण्याची आणि लांबलचक अवाहक नळ्यांची तजवीज करावी लागे. पाणी उकळता कामा नये, हा त्या काळचा दंडक. फ्रान्समधील शार्ल ब्यर्तरे यांनी 1950 च्या सुमारास तोच उलटवला: एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवण्यास 100 कॅलरी, पण त्याची वाफ होण्यास सुमारे 540 कॅलरी लागतात, हे जाणून त्यांनी धनाग्राला जाड दाते दिले आणि पाण्याला खुशाल उकळू दिले. या साऱ्या वृत्तांतात याहून देखणी कल्पना मला आढळली नाही.

पुढे अतिउच्च कंप्रतेच्या प्रक्षेपणात व्हेरियन बंधूंच्या 1937 च्या क्लायस्ट्रॉनचा अंमल बसला. नळी दीर्घायुषी खरी, पण उधळी. पडद्यावर दृश्य कोणतेही असो, तिचा वीजखर्च जवळजवळ तोच. तिच्याहून काटकसरी अशी अँड्र्यू हेफ यांची नळी 1930 नंतरच्या दशकातच सुचलेली असूनही दूरचित्रवाणीच्या सेवेत रुजू झाली ती 1980 नंतर!

ट्रान्झिस्टर आले तेव्हा पंप, नळ आणि गळती यांचा कारभार बरखास्त झाला, असे पुष्कळांना वाटले. परंतु एकेका कपाटात अधिकाधिक शक्ती कोंबली जाऊ लागताच पंखे अपुरे पडले, आणि शतकाच्या अखेरीस पाणी ग्लायकॉलच्या सोबतीने परतले. या वेळी दाब अवघा काही दशक व्होल्टचा. त्यामुळे द्रव धातूच्या पट्टांतून निर्धास्त वाहू शकला, आणि जोडण्याही अशा आल्या की चालू प्रक्षेपकातून एखादा विभाग उपसला तरी तोटी आपोआप मिटावी.

हे सारे झाले निर्माण झालेल्या उष्णतेच्या बंदोबस्तासंबंधी. ती निर्माणच कमी व्हावी, याचा मार्ग विल्यम डोहर्टी यांनी 1936 मध्ये बेल प्रयोगशाळेत नभोवाणीसाठी दाखवून ठेवला होता. दूरचित्रवाणीच्या ट्रान्झिस्टरांनी तो अलीकडे अनुसरला. 10 किलोवॅटचा प्रक्षेपक 20 टक्के कार्यक्षमतेने चालल्यास 40 किलोवॅट उष्णता निघते, 40 टक्क्यांनी चालल्यास केवळ 15. पंपांची आणि नळांची चातुरी मान्य करूनही, या जमाखर्चात पहिला मान मी डोहर्टी यांनाच देईन.