कॉनरॉय, फ्रँक

(१५ जानेवारी १९३६–६ एप्रिल २००५). अमेरिकन आत्मचरित्रकार, कथा-कादंबरीकार व सर्जनशील लेखनाचा प्राध्यापक. जन्म न्यूयॉर्क शहरी. मनोविकाराने ग्रस्त असलेले वडील कुटुंबापासून बहुधा दूरच राहिले व तो बारा वर्षांचा असताना वारले. आई मूळची डॅनिश. सावत्र वडिलांच्या एकामागून एक फसत गेलेल्या बेतांबरोबर त्याचे बालपण न्यूयॉर्क आणि फ्लॉरिडा ह्यांच्या दरम्यान अस्थिरतेत गेले. शाळेत लक्ष नसे. वाचन मात्र अफाट होते. हॅव्हरफर्ड महाविद्यालयातून तो १९५८ मध्ये पदवीधर झाला.

स्टॉप-टाइम (१९६७) ह्या आत्मकथनाने त्याला कीर्ती मिळाली. आत्मचरित्र म्हणजे कर्तृत्ववान व्यक्तीने उतारवयात दिलेली साक्ष, हा तेव्हाचा रूढ संकेत. तिशी नुकतीच ओलांडलेल्या कॉनरॉयपाशी एका उपेक्षित मुलाच्या आठवणींखेरीज सांगण्यासारखे काही नव्हते. त्या त्याने कादंबरीच्या रीतीने, प्रसंग व संवाद ह्यांतून मांडल्या. सहानुभूतीची याचना कोठेही केली नाही. योयोचे खेळ आत्मसात करण्याच्या ध्यासावरील प्रकरण विशेष गाजले. जॅझ संगीतात साथीची वाद्ये मोजक्या आघातांपुरतीच वाजतात व एकटा वादक पुढे जात राहतो, त्या प्रकाराला ‘स्टॉप-टाइम’ म्हणतात. कॉनरॉय स्वतः जॅझ पियानोवादक होता आणि हे शीर्षक त्याच्या एकाकी निवेदकास अन्वर्थक ठरते. नॅशनल बुक अवॉर्डसाठी ह्या ग्रंथाचे नामांकन झाले होते.

पुढचे पुस्तक, मिडएअर (१९८५) हा कथासंग्रह, यावयास अठरा वर्षे लागली. दरम्यान पियानोवादन, नियतकालिकांतील लेखन व अध्यापन ह्यांवर त्याने गुजराण केली. नॅशनल एन्डाउमेन्ट फॉर द आर्ट्स ह्या संघीय संस्थेच्या साहित्यविभागाचा तो १९८१ ते १९८७ संचालक होता. १९८७ मध्ये तो आयोवा विद्यापीठातील ‘रायटर्स वर्कशॉप’चा (स्थापना १९३६) संचालक झाला व अखेरीपर्यंत त्या पदावर राहिला. (दिलीप चित्रे ज्यात सहभागी झाले होते, तो आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम ह्याच विद्यापीठातील, परंतु स्वतंत्र आहे.)

शिक्षक म्हणून तो कठोर होता. लेखनाची कल्पना त्याने पिरॅमिडच्या रूपात मांडली: शब्दार्थ, अर्थसंगती व स्पष्टता हा पाया, रूपके व प्रतीके शिखराकडे. पाया डळमळीत असेल, तर वरच्या मजल्यांची चर्चा त्याला निरर्थक वाटे. वर्गात संहितेचाच विचार व्हावा, लेखकाच्या मनाचा वा हेतूंचा नव्हे, असा त्याचा आग्रह होता. स्वतःच्या आयुष्याचेच साहित्य करणाऱ्याने असे म्हणावे, हे वरकरणी विसंगत भासते; तथापि स्टॉप-टाइमचे बळही अनुभवाच्या दुर्मिळतेत नसून वाक्यावाक्यातील नेमकेपणात आहे. विद्यार्थ्यांकडून त्याने तेच मागितले. त्याच्या कारकीर्दीत तेथे शिकलेल्या एब्राहम व्हर्गीस ह्या भारतीय वंशाच्या वैद्याने पुढे माय ओन कंट्री (१९९४) हे आत्मकथन लिहिले.

बॉडी अँड सोल (१९९३) ही एका बालपियानोवादकाच्या जडणघडणीची कादंबरी. ती वाचनीय असली, तरी पहिल्या पुस्तकाची धार तीत नाही. डॉग्ज बार्क, बट द कॅरव्हॅन रोल्स ऑन (२००२) हा लेखसंग्रह व टाइम अँड टाइड (२००४) हे नॅनटकिट बेटावरील छोटेखानी पुस्तक ही नंतरची निर्मिती. टॉम ग्राइम्स ह्या त्याच्या विद्यार्थ्याने मेंटॉर (२०१०) ह्या आत्मकथनात त्याचे चित्रण केले आहे.

आयोवा सिटी येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले.