धुळीखाली झोपलेली अटलांट

शेजारचं एखादं गॅरेज वर्षानुवर्षं बंदच असतं. कुलूप गंजलेलं, दारापुढे सुकलेल्या पानांचा ढीग. क्रिकेटचा चेंडू तिकडे गेला, की कुणीतरी दाराच्या फटीला डोळा लावतो. आत काय दिसतं? अंधार! फार तर ताडपत्रीखाली काहीतरी उंचवटा. ‘‘असेल भंगार!’’ असं म्हणून आपण चेंडू उचलतो आणि पुन्हा खेळायला पळतो.

थांबा मित्रांनो, इतक्यात पळू नका. अशाच एका बंद दारामागची ही गोष्ट आहे, आणि ती अगदी खरी आहे, बरं का!

दार उघडलं तेव्हा

इंग्लंडच्या उत्तरेला टाइन नदीकाठी न्यूकॅसल नावाचं शहर आहे. पूर्वी कोळशाच्या व्यापारासाठी ते प्रसिद्ध होतं. ज्या स्टीफन्सन पितापुत्रांच्या आगगाड्यांविषयी तुम्ही पुस्तकात वाचता, त्यांचा इंजिनांचा कारखानाही इथलाच. या शहराचं गॉसफोर्थ हे एक शांत उपनगर. तिथल्या एका साध्यासुध्या गॅरेजमध्ये एका डॉक्टरांनी आपली मोटार ठेवली होती. डॉक्टर हाडांचे शल्यविशारद होते. त्यांनी ही जुनी गाडी १९५५ साली विकत घेतली, काही वर्षं चालवली आणि १९६०च्या सुमारास गॅरेजमध्ये उभी केली. ती उभी केली ती केलीच!

माणूस चंद्रावर जाऊन आला, घरोघरी टीव्ही आले, संगणक आले. गाडी मात्र जागची हलली नाही. २००७ साली डॉक्टर वारले. नातेवाइकांनी गॅरेज उघडलं, तेव्हा धुळीच्या जाड थराखाली त्यांना एक काळी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी मोटार दिसली. पुढची जाळी घोड्याच्या नालासारखी. जाणकारांना तेवढी खूण पुरेशी होती. ती होती बुगाटी! आणि बुगाटींमध्येही दुर्मिळ अशी ‘टाइप ५७ एस अटलांट’.

बुगाटी म्हणजे कोण?

एत्तोरे बुगाटी यांचा जन्म १८८१ साली इटलीतल्या मिलान शहरात झाला. घराणं कलावंतांचं. वडील लाकडी सामानाचे सुंदर नमुने घडवत, तर भाऊ प्राण्यांचे पुतळे करी. एत्तोरेंनी मात्र यंत्रं घडवायला घेतली. १९०९ साली त्यांनी मोल्सहाइम या गावी कारखाना काढला. गंमत अशी, की हे गाव तेव्हा जर्मनीत होतं आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आलं. म्हणजे मालक इटलीत जन्मलेला, कारखाना आधी जर्मनीत, मग फ्रान्समध्ये, आणि तोही न हलता!

टाइप ५७ या मोटारींचा आराखडा एत्तोरेंचा मुलगा जाँ याने तयार केला. त्यातला ‘एस’ हा प्रकार जमिनीलगत बसका होता. गाडी जितकी बसकी, तितकी ती वळणावर घट्ट धावते. पण बसकी करायची म्हणजे इंजिन खाली आणावं लागणार, मग त्याच्या तळाशी तेल साठवायचं भांडं मावणार कुठे? यावर तोड काढली गेली. तेल वेगळ्या टाकीत ठेवायचं आणि पंपाने इंजिनभर फिरवायचं. इंजिनात एका ओळीत आठ सिलिंडर. सामान्य मोटारींना ज्या काळी ताशी ८०-९० किलोमीटर गाठताना धाप लागे, त्या काळी ही गाडी ताशी १९० किलोमीटरच्या पुढे जाई!

‘अटलांट’ हे नाव ग्रीक पुराणातल्या अटलांटावरून आलेलं आहे. तिला शर्यतीत कुणी हरवू शकत नसे. ५७ एस या सांगाड्यावर अटलांट प्रकारच्या फक्त १७ मोटारी तयार झाल्या.

या गाड्या घडवणाऱ्या जाँचं पुढे काय झालं? ऑगस्ट १९३९ मध्ये शर्यतीच्या एका गाडीची चाचणी घेत असताना रस्त्यावर अचानक एक सायकलस्वार आला. त्याला वाचवायला जाँने गाडी वळवली आणि अपघातात त्याचा मृत्यू झाला. तो अवघा ३० वर्षांचा होता. त्यानंतर काही दिवसांतच दुसरं महायुद्ध सुरू झालं. अशा गाड्या पुन्हा घडल्याच नाहीत.

गाडीची जन्मपत्रिका

धुळीतली गाडी नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं? प्रत्येक मोटारीच्या सांगाड्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो, इंजिनावरही असतो. कारखान्याच्या जुन्या नोंदींशी हे क्रमांक ताडून पाहिले, की गाडीची जन्मपत्रिकाच हाती येते. या गाडीचा क्रमांक होता ५७५०२. १९३७ साली ती नवी कोरी असताना अर्ल हाउ या इंग्रज उमरावाने घेतली होती. हे अर्लसाहेब नुसते हौशी नव्हते हं! १९३१ साली फ्रान्समधली ल माँ इथली २४ तासांची शर्यत त्यांनी आपल्या जोडीदारासह जिंकली होती. पुढच्या एका मालकाने गाडीला ‘सुपरचार्जर’ बसवला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त.

इतकं सारं होऊनही गाडी धावली होती फक्त २६,२८४ मैल, म्हणजे सुमारे ४२ हजार ३०० किलोमीटर.

उभी गाडीही झिजते!

तुम्ही म्हणाल, ‘‘गाडी वापरलीच नाही, म्हणजे ती नव्यासारखी राहिली असेल!’’ इथेच तर आपण फसतो. सायकल महिनाभर न वापरता ठेवून बघा. हवा जाते, चेन कुरकुरते. मग ४५ वर्षांत मोटारीचं काय होत असेल?

पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे उरतो चिकट डिंक. कार्बोरेटरची बारीक भोकं तो बुजवून टाकतो. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल निथळून जातं, दमट हवा आत शिरते, गंज धरतो आणि पिस्टन जागच्या जागी अडकून बसतो. यालाच मेकॅनिक ‘इंजिन जाम झालं’ म्हणतात. एकाच जागी भार सोसून टायर खालून चपटे होतात, रबर कडक होऊन तडकतं. आणि उंदीरमामा? त्यांना तर मऊ गादीचं घर आणि कुरतडायला वायरी, दोन्ही आयतंच मिळतं!

म्हणून अशी गाडी सापडली, की ‘बघू तरी सुरू होते का’ म्हणून किल्ली फिरवणं ही सगळ्यांत मोठी चूक. जाम इंजिन जबरदस्तीने फिरवलं तर आतले भाग मोडू शकतात. शहाणा मेकॅनिक आधी प्लग काढतो, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडतो आणि ते मुरू देतो. कधीकधी यात बरेच दिवस जातात. मग तो इंजिन हाताने हळूच फिरवून पाहतो. जुनं पेट्रोल काढून टाकतो, टाकी धुतो, ब्रेक तपासतो. गाडी पळवता येण्याआधी ती थांबवता आली पाहिजे, नाही का?

धूळ पुसायची की ठेवायची?

आता एक अवघड प्रश्न. ओरखडलेला रंग, विरलेली गादी, हे सगळं नवं करायचं का? काही जण म्हणतात, ‘‘अर्थात! गाडी चकचकीत हवी.’’ दुसरे म्हणतात, ‘‘नको! नवा रंग हवा तेव्हा देता येईल, पण जुना रंग एकदा खरवडला की तो कायमचा गेला.’’ किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर कुणी सिमेंटचा गिलावा केला तर आपल्याला कसं वाटेल? तसंच हे. २०१५ साली पॅरिसमध्ये फ्रान्समधल्या एका जुन्या संग्रहातल्या ५९ मोटारींचा लिलाव झाला, तेव्हा त्यातल्या कितीतरी गाड्या लोकांपुढे मुद्दाम धुळीसकट ठेवल्या होत्या!

न्यूकॅसलची बुगाटीही ७ फेब्रुवारी २००९ रोजी पॅरिसमध्ये लिलावात उभी राहिली. किंमत आली सुमारे ३४ लाख युरो. आपल्याकडच्या तेव्हाच्या दराने २० कोटी रुपयांहून अधिक!

खरी हरवलेली गोष्ट

एवढा आकडा वाचून डोळे विस्फारले ना? पण या गोष्टीत चुटपुट लावणारा भाग वेगळाच आहे.

ती गाडी तिथे आहे, हे मोजक्या जाणकारांना आधीपासून ठाऊक होतं. ती विकत घ्यायची इच्छा असलेलेही होते. डॉक्टरांनी ती विकली नाही आणि चालवलीही नाही. का? ती चालवताना त्यांना काय वाटायचं? शेवटच्या दिवशी गॅरेजचं दार लावताना ‘पुढच्या रविवारी काढू’ असं मनात होतं का? गाडीचा क्रमांक सापडला, मालकांची यादी सापडली, मैलसुद्धा मोजता आले. पण ही उत्तरं डॉक्टरांबरोबरच गेली. गाडीवरचा गंज निघतो. न विचारलेल्या प्रश्नांचं मात्र काहीच करता येत नाही.

आपल्या आळीत बुगाटी सापडायची नाही, हे खरं. पण एखादी पद्मिनी सापडेल. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही मोटार एके काळी मुंबईच्या रस्त्यारस्त्यावर होती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. म्हणजे शेजारच्या आजोबांची ताडपत्रीखालची पद्मिनी आता इतिहासाचा तुकडाच आहे! मोटारच कशाला, एखादी लँब्रेटा स्कूटर, शिवणयंत्र, ग्रामोफोनही चालेल.

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. फटीतून डोकावू नका आणि न विचारता कुठल्याही वस्तूला हात लावू नका. ती वस्तू दुसऱ्याची आहे. आईला किंवा बाबांना सोबत घ्या, सरळ दारावरची घंटा वाजवा आणि विचारा, ‘‘आजोबा, ही गाडी तुम्ही कधी घेतलीत? पहिल्यांदा कुठे गेला होतात तिच्यातून?’’

एक वही जवळ ठेवा. आजोबा सांगतील ते तारखेसकट लिहून घ्या. जुना फोटो असेल तर बघायला मागा. कदाचित ते म्हणतील, ‘‘कशाला रे जुन्या गोष्टी?’’ आणि मग तासभर बोलत बसतील.

आणि आईबाबांनो, मुलं विचारायला निघाली, तर ‘उगाच त्यांना त्रास नको’ म्हणून अडवू नका. चाळीस-पंचेचाळीस वर्षं बंद राहिलेलं एखादं दार कुणी विचारण्याचीच वाट पाहत असेल.