एका आज्ञेत आठ बेरजा

संगणकाच्या पडद्यावरील चित्र भिंगातून पाहा. ते बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसेल. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे प्रमाण किती, हे संगणक बहुधा ० ते २५५ यांपैकी एकेका संख्येने लक्षात ठेवतो. आता हिशेब करा. ६४० स्तंभ आणि ४८० ओळींच्या चित्रात ३,०७,२०० ठिपके, म्हणजे ९,२१,६०० संख्या. चलच्चित्रात अशी २५ चित्रे सेकंदाला लागतात. त्यांचा उजेड नुसता थोडा वाढवायचा म्हटले, तरी सेकंदाला दोन कोटी तीस लाखांवर बेरजा झाल्या!

पूर्वीचे घरगुती संगणक या बेरजा एकेक करून करीत. त्यांचा बेरजेचा कप्पा ३२ बिटांचा होता, पण रंगाच्या संख्येला ८ बिट पुरतात. एका प्रवाशासाठी अख्खी एस.टी. सोडावी, तसाच हा प्रकार. मग एका कप्प्यात अनेक संख्या शेजारी शेजारी का बसवू नयेत?

कागदावर करून पाहा. ४८ आणि ७५ जोडून ४८७५ लिहा. दोहोंत ३० मिळवायचे म्हणून ३०३० मिळवा. उत्तर येते ७९०५. हवे होते ७८ आणि १०५. घोटाळा कोणी केला? हातच्याने! तो शेजारच्या घरात शिरला.

जानेवारी १९९७ मध्ये इंटेल कंपनीने ‘एमएमएक्स’ नावाच्या ५७ नव्या आज्ञांसह पेंटियम प्रक्रियक बाजारात आणला. त्यात ६४ बिटांच्या कप्प्यात आठ संख्या बसत आणि प्रत्येक आठव्या बिटापाशी हातचा अडवला जाई. एका आज्ञेत आठ बेरजा! पण नुसता हातचा टाकून भागत नाही. २५० मध्ये १० मिळवून हातचा टाकला, तर उरतात ४; म्हणजे पांढऱ्या ढगात काळा ठिपका. म्हणून २५५ च्या पुढे गेलेली बेरीज २५५ वरच थांबवणारी वेगळी आज्ञा दिली होती. पांढऱ्याहून पांढरे ते काय असणार? मला तरी ही युक्ती आठपट वेगाहून अधिक आवडते.

मात्र आठपट वेग साऱ्या कामाला मिळत नाही, बरे का. चलच्चित्र साठवताना दाबून लहान केलेले असते. ते उलगडताना एक संकेत वाचल्याशिवाय पुढचा कोठे सुरू होतो, हे सहसा कळत नाही. तेथे रांगेनेच जावे लागते. समजा, १०० सेकंदांच्या कामात असे रांगेचे काम २५ सेकंदांचे आहे. उरलेले ७५ सेकंदांचे काम आठपट वेगाने सुमारे साडेनऊ सेकंदांत उरकेल. एकूण साडेचौतीस, वेग तिपटीहूनही कमी वाढला. हा विचार जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडला होता.

२०१३ पासून काही घरगुती संगणकांत अशा ३२ संख्यांची बेरीज एकदम होऊ लागली. वरचाच हिशेब आठाऐवजी ३२ धरून करून पाहा. उत्तर चौपटीच्या आतच येईल.