वारा पाहिजे, ऊन नको!

समजा, नागपूरचा एक दादा पवईच्या आयआयटीत शिकायला आला आणि येताना घरचा कूलर घेऊन आला. एप्रिलमधल्या दुपारी त्याने वसतिगृहाच्या खोलीत तो सुरू केला. काय होईल? खोली गार व्हायची राहिली बाजूला, वह्यांची पानं दमट होतील आणि दादा आणखी घामाघूम!

आता गंमत बघा. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकतो, मुंबईचा बहुतेक दिवस ३३-३४ च्या आसपास रेंगाळतो. तरी जीव नकोसा होतो तो मुंबईत. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. कूलर चालतो तो याच जोरावर, आणि आपला घामही. पण मुंबईच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. त्यामुळे घाम नुसता निथळतो, सुकत नाही. अंगाजवळची दमट हवा सतत हलती ठेवायची, एवढाच उपाय उरतो. म्हणून मुंबईत वसतिगृह बांधायचं तर आधी वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. शेकडो खोल्या आणि शेकडो एसी म्हटलं की विजेचं बिल बघूनच घाम फुटायचा!

वारा मोठा हट्टी. बाहेर पडायला वाट नसेल तर आत येतच नाही. करून बघा. खिडकीत टिश्यू पेपरची पट्टी लटकवा आणि दार लावून घ्या. पट्टी लोंबकळत राहील. आता समोरचं दार उघडा. बाहेर वारा असेल तर पट्टी आत झेपावेल. मधोमध बोळ आणि दोन्हीकडे खोल्या अशी रचना केली, तर जागा वाचते पण वाऱ्याची वाट अडते. त्यापेक्षा चाळीसारखी एका बाजूला खोल्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला मोकळी गॅलरी बरी. अभ्यासासाठी दार लावलं, तरी दारावरच्या झरोक्यातून वारा पार होतो.

मग सगळ्या खिडक्या वाऱ्याकडे तोंड करून लावल्या की झालं? इथेच तर खरी मेख आहे! दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे भूगोलाच्या पुस्तकात भेटले असतील. मुंबईचा समुद्र पश्चिमेला, म्हणजे वारा पश्चिमेकडून. आणि दुपारनंतरचं रणरणतं ऊन? तेही पश्चिमेकडूनच. पावसाळ्यात झडही त्याच बाजूने आत येते. छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो, पण चार वाजता सूर्य खाली उतरला की ऊन छज्ज्याखालून थेट पलंगावर.

जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता. ऊन आणि पाऊस व्हरांड्यात अडायचे, वारा तेवढा आत यायचा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तीच युक्ती १९८३ मध्ये कंबाला हिलवरच्या कांचनजंगा या उंच इमारतीत वापरली. तिच्या कोपऱ्यांतल्या दोन मजली उंच गच्च्या रस्त्यावरूनही दिसतात. वसतिगृहात आणखी सोपं काम करता येतं. जिने, न्हाणीघरं आणि कपडे वाळत घालायची जागा पश्चिमेला टाकायची. ऊन त्यांनी सोसावं, कपडेही लवकर वाळतील! खोल्यांच्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला ठेवायच्या. वारा तिरका आला तरी खोलीत चांगला खेळतो.

पण उत्तरेची भिंत कायम सावलीत असते असं समजू नका. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मुंबईत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून छज्जा उत्तरेच्या खिडकीलाही लागतो.

राहिली गच्ची. वरच्या मजल्यावरच्या मुलांना विचारा, रात्रीसुद्धा छत कसं तापलेलं असतं! म्हणून मुंबईत पुष्कळ गच्च्यांवर पांढऱ्या फरशीचे फुटके तुकडे बसवतात. त्याला चायना मोझॅक म्हणतात. पांढरा रंग बरंचसं ऊन परत आकाशाकडे पाठवतो.

ऊन नुसतं अडवायचंच असं नाही, ते कामालाही लावता येतं. पवईच्या त्याच आयआयटीतल्या आणि रचना संसदच्या वास्तुकला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी मिळून सौरऊर्जेवर चालणारं एक अख्खं घर बांधलं होतं. २०१४ साली ते फ्रान्समधल्या व्हर्सायला, सोलर डेकॅथलॉन युरोप स्पर्धेत उभं राहिलं. त्या स्पर्धेपर्यंत पोहोचलेला तो पहिला भारतीय संघ. वर्षभरात जेवढी वीज वापरायची तेवढी सूर्याकडूनच मिळवायची, म्हणजे हिशेब शून्यावर. संघाचं नावही ‘टीम शून्य’च होतं.